उपासना आणि आचरण : प्रार्थनासमाजाची वाटचाल

३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी काही सुशिक्षित मंडळी जमली आणि प्रार्थनासमाजाची स्थापना झाली, हे वाक्य शाळेच्या पुस्तकातून प्रत्येक मराठी मुलाच्या नजरेखालून गेलेले असते. पुढे रानडे, भांडारकर, चंदावरकर अशी तीन नावे येतात आणि धडा संपतो. स्मरणिकेत मात्र एवढ्यावर थांबून चालत नाही. संस्था कोणत्या अडचणीतून जन्माला आली, तिने कोणता मार्ग निवडला, त्या निवडीची किंमत काय मोजली आणि मागे काय ठेवले, याचा हिशेब मांडावा लागतो. प्रार्थनासमाजाच्या बाबतीत तो मांडण्यासारखा आहे, कारण स्थापनेच्या वेळीच या मंडळींपुढे एक अवघड प्रश्न होता : आधी जात मोडायची की आधी उपासना शुद्ध करायची? त्यांनी उपासना आधी धरली. समाजाचा पुढचा सारा इतिहास या एका निर्णयाची फळे आणि त्याची भरपाई यांचा आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत धर्माची चर्चा घराघरांत पोचली ती मिशनऱ्यांमुळे. डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या मुलांच्या धर्मांतराने १८३९ मध्ये पारशी समाज हादरला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहून परत आला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून ब्रह्मवृंदात तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आपल्या धर्मात बाहेर जाण्याची वाट आहे पण परतीची नाही, हे तरुणांना तेव्हा लख्ख दिसले.

या अस्वस्थतेला पहिले संघटित रूप दिले ते आत्मारामांचे थोरले बंधू दादोबा पांडुरंग यांनी. मराठी व्याकरणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. सुरतेला शिक्षक असताना दुर्गाराम मेहताजींसह १८४४ मध्ये त्यांनी मानवधर्मसभा काढली. त्यांच्याच विचारांतून १८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी उभी राहिली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. ईश्वर एक आहे, माणसामाणसांत जातिभेद नाही, ही तिची तत्त्वे. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. आज हे वाचताना गंमत वाटेल. त्या काळी या एका घासाने माणूस घर, लग्नसंबंध आणि स्मशानातले चार खांदे या सगळ्याला मुकू शकत होता. म्हणून मंडळीचा कारभार गुप्त ठेवलेला होता.

गुप्तता हेच तिचे मर्मस्थान ठरले. सभासदांची यादी १८६० च्या सुमारास चोरीला गेली, नावे बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. काहींनी घरच्यांपुढे मान तुकवली, काही गप्प बसले. बाबा पदमनजींसारखे काही त्याआधीच ख्रिस्ती झाले होते. जातीवर पहिला घाव घालायचा आणि तोही लपून, हा मार्ग टिकत नाही, एवढा धडा मागे उरला. सात वर्षांनी आत्मारामांच्या घरी जमलेल्यांपैकी काहींनी तो जवळून पाहिला होता.

स्थापना

बंगालचे ब्राह्म पुढारी केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या व्याख्यानांनी विझत चाललेल्या इच्छेला पुन्हा धग मिळाली. त्यानंतर दोनेक वर्षे मुंबईतल्या घरगुती बैठकांत खल चालला. जातिभेदाचा त्याग, विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, बालविवाहबंदी असे हेतू मांडले गेले. अखेर ठरले ते असे : या सगळ्याचा पाया धर्मबुद्धीत आहे, तेव्हा आधी एका निराकार ईश्वराची सामुदायिक उपासना सुरू करावी, सामाजिक सुधारणा त्या उपासनेतून उगवतील.

पहिल्या फळीत डॉ. आत्माराम पांडुरंग, वासुदेव बाबाजी नवरंगे, बाळ मंगेश वागळे, भास्कर हरी भागवत, नारायण महादेव ऊर्फ मामा परमानंद ही मंडळी होती. आत्माराम पहिले अध्यक्ष. ग्रँट मेडिकल कॉलेजातून अगदी सुरुवातीला बाहेर पडलेल्या डॉक्टरांपैकी ते एक. पुढे मुंबईचे शेरीफ झाले आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही त्यांचे नाव आले. त्यांचे घर हे त्या काळच्या उदार विचारांच्या माणसांचे हक्काचे ठिकाण होते. विलायतेला जाण्यापूर्वी १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर याच घरी इंग्रजी रीतिभाती शिकण्यासाठी राहिले होते.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे दोन-तीन वर्षांत समाजात आले आणि समाजाला वैचारिक कणा मिळाला. भांडारकरांजवळ संस्कृत ग्रंथांचा गाढा अभ्यास होता, रानड्यांजवळ इतिहासाची दृष्टी आणि अफाट चिकाटी. संस्था नवी असली तरी तिचे मूळ जुने आहे, हे दाखवण्याचे काम या दोघांनी केले.

तत्त्वे आणि उपासना

समाजाची तत्त्वे मोजकी. ईश्वर एक असून त्याने हे विश्व निर्माण केले. त्याच्या उपासनेनेच इहलोकी आणि परलोकी कल्याण होते. त्याच्यावर प्रेम व श्रद्धा ठेवणे, त्याची प्रार्थना करणे आणि त्याला आवडणारी कृत्ये करणे हीच खरी उपासना. मूर्तीची पूजा हा उपासनेचा खरा मार्ग नव्हे. ईश्वर अवतार घेत नाही आणि कोणताही एक ग्रंथ त्याने साक्षात सांगितलेला नाही. सारी माणसे त्याची लेकरे आहेत, म्हणून भेद न मानता त्यांनी भावंडांप्रमाणे वागावे. रानड्यांनी ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ या निबंधात या श्रद्धेची तर्कशुद्ध मांडणी केली. चमत्कार आणि शब्दप्रामाण्य या दोन्हींचा आधार न घेता माणूस श्रद्धाळू राहू शकतो, हा त्या कैफियतीचा गाभा.

या तत्त्वांत ग्रंथप्रामाण्य नाकारणारे कलम सर्वांत धाडसी होते. वेद, बायबल, कुराण यांतले जे बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटेल ते घ्यावे, पण कोणापुढेही विचार गहाण टाकू नये, असा त्याचा अर्थ. स्वामी दयानंद मुंबईला आले तेव्हा त्यांच्या स्वागताला समाजाची मंडळीही होती. १८७५ मध्ये पुण्यात त्यांची व्याख्याने घडवून आणण्यात रानड्यांचा पुढाकार होता आणि मिरवणुकीत रानडे व जोतीराव फुले दोघेही चालले. तरीही त्याच वर्षी १० एप्रिलला मुंबईत स्थापन झालेल्या आर्य समाजात प्रार्थनासमाज विरून गेला नाही. वेद हे अंतिम प्रमाण मानणे त्याला शक्यच नव्हते.

साप्ताहिक उपासना रविवारी होई. भजन, स्तवन, प्रार्थना आणि उपदेश असे तिचे रूप. पुरोहित नाही, सोवळे नाही, दक्षिणा नाही, समोर मूर्ती नाही. उपदेशाला बसणारा माणूस कधी न्यायाधीश असे, कधी प्राध्यापक, कधी कारकून. बाहेरचे लोक याला ‘हिंदूंचे चर्च’ म्हणून हिणवत. रविवार, बाके आणि प्रवचन पाहून तसे वाटणेही स्वाभाविक होते. पण आत गेल्यावर कानावर पडत ते तुकोबांचे आणि नामदेवांचे अभंग. उपदेशासाठी निवडलेले वचनही बहुधा संतांचेच असे.

ही निवड विचारपूर्वक केलेली होती. मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या मदतीने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली, आणि सुशिक्षितांच्या हाती प्रथमच चिकित्सापूर्वक सिद्ध केलेला पाठ आला. सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात नोकरीला होते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. रानड्यांनी पुढे मराठी सत्तेच्या उदयावर लिहिताना संतांच्या चळवळीला त्या उदयाची पूर्वतयारी मानले, आणि भांडारकरांनी वैष्णव व शैव पंथांच्या इतिहासावर १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला. आपण नवा पंथ काढत नाही, भागवतधर्माची पुढची पायरी चढतो आहोत, अशी समाजाची स्वतःविषयीची समजूत होती. वारकऱ्यांचा विठोबा विटेवर उभा आहे आणि समाजाचा ईश्वर निराकार, ही अडचण मात्र राहिलीच; अभंग तेच, पण गाणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे जग वेगळे.

मंदिर आणि ‘सुबोध पत्रिका’

केशवचंद्रांचे सहकारी प्रतापचंद्र मजुमदार १८७२ च्या सुमारास काही महिने मुंबईत राहिले. त्यांच्या काळात समाजाच्या कामाला वेग आला. ‘सुबोध पत्रिका’ हे साप्ताहिक १८७३ मध्ये सुरू झाले. गिरगावात समाजाचे स्वतःचे मंदिर १८७४ मध्ये उघडले. आज त्या चौकाला आणि बसथांब्यालाच लोक ‘प्रार्थना समाज’ म्हणतात, शेजारून जाणाऱ्या रस्त्याला राजा राममोहन रॉय यांचे नाव आहे, आणि तेथे उतरणाऱ्या कित्येकांना त्या नावाची एक वास्तू पलीकडेच उभी आहे याची कल्पना नसते.

‘सुबोध पत्रिके’चे मोल केवळ धर्मप्रसारापुरते नाही. रविवारचे उपदेश, सामाजिक प्रश्नांवरील मते, वाद आणि त्यांची उत्तरे, वार्षिक उत्सवांचे वृत्तांत यांचा तो अनेक दशकांचा साठा आहे. द्वारकानाथ गोविंद वैद्य यांनी ते पत्र दीर्घकाळ सांभाळले, आणि समाजाला साठ वर्षे झाली तेव्हा, १९२७ मध्ये, ‘प्रार्थनासमाजाचा इतिहास’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या फारच थोड्या संस्थांनी आपला इतिहास इतक्या आस्थेने नोंदवून ठेवला आहे.

शाखा आणि नावाचा वाद

पुण्यात १८७० मध्ये समाज निघाला आणि रानड्यांची बदली तेथे झाल्यावर त्याने मूळ धरले. अहमदाबादला १८७१ मध्ये भोलानाथ साराभाईंनी शाखा काढली. त्यांची ‘ईश्वर प्रार्थनामाळा’ गुजराती घरांत पोचली आणि महिपतराम रूपराम यांच्यासारखे सुधारक तिथल्या कामात उतरले. तेलुगू मुलखात कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी राजमहेंद्रीला प्रार्थनासमाज काढून विधवाविवाहाचे काम त्याला जोडले.

नावाविषयी मात्र मुंबईत वाद झाला. बंगालच्या ब्राह्मसमाजाशी तत्त्वे जुळतात, मग नावही तेच का घेऊ नये, असा एका गटाचा आग्रह होता. रानडे-भांडारकरांनी तो मानला नाही. बंगालात ब्राह्म होणे म्हणजे जुन्या समाजातून बाहेर पडणे असे. इकडच्या मंडळींना घर सोडायचे नव्हते, घरात राहूनच डागडुजी करायची होती. ब्राह्मसमाजात १८६६ मध्ये फूट पडली, आणि केशवचंद्रांनी आपल्या अल्पवयीन मुलीचे लग्न कूचबिहारच्या राजाशी लावल्यावर १८७८ मध्ये दुसरी. त्या भांडणांपासून मुंबईचा समाज अलिप्त राहिला. दोन्ही पक्षांच्या प्रचारकांना इथले व्यासपीठ खुले होते.

हीच वृत्ती लग्नाच्या कायद्याच्या वेळीही दिसली. १८७२ च्या विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर वधूवरांना आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे. बंगालच्या ब्राह्मांनी ते पत्करले. प्रार्थनासमाजातल्या बहुतेकांना ते रुचले नाही. आम्ही मूर्ती मानत नाही, जात मानू इच्छीत नाही, पण हिंदू नाही असे का म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. त्याच्या आड जुने विधी घरात चालू ठेवण्याची सोयही लपलेली होती, हेही तितकेच खरे.

कसोटीचे प्रसंग

सभासद होताना जात सोडण्याची किंवा घरातले देव हलवण्याची शपथ समाजाने कधी सक्तीची केली नाही. परमहंस मंडळीच्या अनुभवातून आलेले हे शहाणपण होते. त्यामुळे बहिष्काराच्या भीतीने कोणी पळाले नाही. पण रविवारी संध्याकाळी निराकाराची प्रार्थना आणि सोमवारी सकाळी घरी सोवळ्यातली पूजा, असे दुहेरी जीवनही चालू राहिले. त्याचा ताण पुढाऱ्यांनाच सर्वांत जास्त सोसावा लागला.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये रानड्यांनी विधवेशी विवाह करावा, ही सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. त्यावरची टीका त्यांनी आयुष्यभर ऐकली. त्याच मुलीला शिकवून त्यांनी रमाबाई रानडे घडवल्या आणि पुढे रमाबाईंनी स्त्रियांचे जे काम उभारले ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून १८७३ सालची माघार पुसली जात नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून गहजब झाला. चहा पिणाऱ्यांत टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहाच्या एका पेल्यापायी एकेश्वरवादी न्यायमूर्ती प्रायश्चित्ताला बसतात, हे पाहून तरुण अनुयायी खचले.

याच्या उलट उदाहरणेही समाजातच आहेत. भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला आणि त्याचे परिणाम भोगले. त्याच वर्षी संमतिवयाच्या वादात विवाहाच्या वयाबद्दल धर्मशास्त्र काय सांगते, हे त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या आधाराने दाखवून दिले. धर्मग्रंथ अंतिम प्रमाण न मानणारा माणूसच त्यांचा इतका काटेकोर अर्थ लावत होता, ही गोष्ट विरोधकांना अधिक झोंबली.

पंढरपूर, रात्रशाळा आणि स्त्रियांचे कार्य

समाजाच्या श्रद्धेचा खरा कस लागला तो मंदिराबाहेर. सर्वांत पहिले आणि सर्वांत चिवट काम पंढरपूरचे. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे न्यायखात्यातले गृहस्थ तेथे नेमणुकीवर असताना १८७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अनाथ बालकाश्रम आणि बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. तीर्थक्षेत्रात गर्भवती विधवांना आणून सोडले जाई. वारीच्या गर्दीत, नदीच्या वाळवंटात नवजात मुले टाकलेली सापडत. देवाच्या दारात चाललेल्या या गोष्टीवर पांघरूण घालण्याऐवजी त्या बाईला निवारा आणि मुलाला नाव द्यावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. लगेच आलेल्या १८७६-७७ च्या दुष्काळाने अनाथ मुलांची संख्या वाढली आणि कामाची निकड कोणाला पटवून देण्याची गरज उरली नाही. अशा गृहाची पहिली वाट जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात पाडली होती, हे येथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. पंढरपूरची संस्था पुढे वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखली जाऊ लागली. अभंग गाणाऱ्या समाजाने पंढरपुरात मंदिर न बांधता बालकाश्रम उभारला, यापेक्षा त्याच्या धर्मविचाराचे नेमके भाष्य सापडणार नाही.

मुंबईत गिरण्या वाढत होत्या. दिवसभर राबणाऱ्यांना अक्षरओळख व्हावी म्हणून समाजाने १८७६ मध्ये रात्रशाळा सुरू केल्या. भिकोबा लक्ष्मण चव्हाण यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. व्याख्यानांना जमणारा श्रोता आणि रात्रशाळेत पाटी घेऊन बसणारा कामकरी, हे दोन वर्ग एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा त्यांना आधार दिला तो समाजाच्या वर्तुळाने. आर्य महिला समाज त्याच वर्षी निघाला आणि मुंबईतही त्याची शाखा झाली. पुढच्याच वर्षी रमाबाईंनी इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विरोधकांना आयते कोलीत मिळाले. तरीही महिला समाज मोडला नाही. समाजाच्या घरांतल्या स्त्रियांनी तो चालवला. स्त्रियांनी एकत्र बसणे, निबंध वाचणे, चार लोकांत बोलणे या गोष्टी तिथे रुळल्या.

विठ्ठल रामजी शिंदे आणि निराश्रितांचे कार्य

विसाव्या शतकाच्या आरंभी समाजाला जो माणूस मिळाला त्याने जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले. १९०३ मध्ये परत येऊन ते मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. मुलांसाठी रविवारचे वर्ग, टपालाने धर्मविचार पोचवण्याची योजना, उदार धर्मग्रंथांचे वाचनवर्ग असे नवे उपक्रम त्यांनी सुरू केले. फिरस्तीत त्यांनी अस्पृश्यांच्या वस्त्या पाहिल्या. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगारला महार बांधवांची सभा झाली. त्यानंतर या कामाला स्वतंत्र संस्था हवी, हे त्यांच्या मनात पक्के झाले.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. समाजाचे अध्यक्ष न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर मंडळीचेही अध्यक्ष झाले. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी सुरुवातीला हजार रुपये दिले. शिंदे यांची बहीण जनाक्का आणि घरची मंडळी वस्तीत राहून काम करू लागली. गिरगावातून परळला व्याख्यान द्यायला जाणे आणि परळला बिऱ्हाड करणे, यात मोठे अंतर आहे. शिंदे यांच्या कुटुंबाने ते अंतर कापले.

मंडळीचे काम प्रांताबाहेरही पसरले, शाळा आणि वसतिगृहे निघाली. पण मुंबई समाजाशी शिंदे यांचे जुळेना. १९१० मध्ये प्रचारक म्हणून त्यांचा समाजाशी संबंध सुटला आणि त्यांनी पुढे पुणे हे कामाचे केंद्र केले. त्यांच्या खटपटीमुळे १९१७ मध्ये काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव आला, आणि १९१८ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. शिंदे अखेरपर्यंत एकेश्वरी उपासक राहिले. समाजाच्या पगारी चाकरीतून ते सुटले, श्रद्धेतून सुटले नाहीत.

टीकाकार

समाजावर टीका दोन्ही बाजूंनी झाली. ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ही मंडळी परक्यांचे अनुकरण करतात अशी झोड उठवली. त्यांचा वार खोचक होता, पण संतांच्या अभंगांवर उभ्या असलेल्या उपासनेला तो पुरता लागू पडत नाही.

जोतीराव फुल्यांचा वार खोल गेला. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी प्रार्थनासमाजाची परखड झडती घेतली. बंधुभाव बोलणारे उच्चवर्णीय विद्वान प्रत्यक्षात शूद्रातिशूद्रांच्या बाजूने किती उभे राहतात, हा त्यांचा प्रश्न. समाजाचे बहुतेक सभासद इंग्रजी शिकलेले आणि वरच्या जातींतले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही माणसांचे दुवे तुटलेले नव्हते. ‘शेतकऱ्याचा असूड’विषयी १८८६ मध्ये जोतीरावांनी मामा परमानंदांना पत्र लिहिले आहे, विश्वासाने मन मोकळे करावे असा माणूस समाजात होता. आणि पुढे १९४३ मध्ये, पुण्यात रानड्यांच्या जयंतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या भाषणात राजकीय सुधारणेआधी सामाजिक सुधारणा धरणाऱ्या रानड्यांचा त्यांनी गौरव केला. त्या गौरवामागे समाजाचे संथ, आग्रही कामही होते.

लेखाजोखा

प्रार्थनासमाज संख्येने कधी मोठा झाला नाही. त्याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. जन्म, लग्न, मृत्यू या वेळी माणसाला जे विधी लागतात ते समाजाने आपल्या लोकांना ठामपणे दिले नाहीत. त्या वेळी बहुतेक जण कुलाचाराकडे वळले. घरातल्या स्त्रिया आणि मुले उपासनेत पुरेशी आली नाहीत, म्हणून पुढची पिढी आपोआप तयार झाली नाही. शेतकरी आणि कामकरी यांच्यापर्यंत शाळा पोचली, प्रवचन पोचले नाही. विसाव्या शतकात राजकारणाच्या लाटेत तरुणांचे मन दुसरीकडे गेले. आणि एक विचित्र गोष्ट अशी की विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, सहभोजन या समाजाच्या मागण्या हळूहळू सर्वांच्या झाल्या. त्या मान्य करण्यासाठी कोणाला समाजाचे सभासद होण्याची गरज उरली नाही.

उलट बाजूला जमा काय? मराठीत विवेकाला धरून चालणाऱ्या श्रद्धेची भाषा. भक्ती आणि चिकित्सा एकाच माणसात नांदू शकतात, याचे रानडे आणि भांडारकर हे दोन धडधडीत दाखले. पंढरपूरचा आश्रम, रात्रशाळा, महिला समाज, परळची शाळा. या प्रत्येक ठिकाणी समाजाने १८६७ मध्ये पुढे ढकललेला प्रश्न हाती घेतला आणि आपल्या परीने सोडवला. उपासना आधी धरण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. उपासनेतून आचरण आपोआप येईल ही समजूत चुकीची होती. ते आले तेव्हा कोणा ना कोणा माणसाने स्वतः किंमत मोजून आणले : त्रवाडींनी, चव्हाणांनी, भांडारकरांनी, शिंदे आणि जनाक्कांनी.

आज धर्माच्या नावाने आवाज चढलेले आहेत. अशा वेळी कोणत्याही ग्रंथाला अंतिम न मानता, कोणालाही परका न ठरवता प्रार्थना करता येते, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी माणसांनी करून दाखवले, याची आठवण ठेवणे उपयोगाचे आहे. त्यासाठी साधने जपली पाहिजेत. ‘सुबोध पत्रिके’चे जुने अंक, उपदेशांची टिपणे, वार्षिक अहवाल, उत्सवांच्या पत्रिका जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून असतील. ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या संशोधन संस्थेकडे किंवा चांगल्या ग्रंथालयाकडे सोपवावेत. पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांचीच गरज पडणार आहे.